कॅमेरा माझा, लंका कुणाची?

गेल्या दिवाळीत आजीला घेऊन शिर्डीच्या साईतीर्थ थीम पार्कला गेलो. आमचं गाव राहाता तालुक्यातलंच, पण मंदिर सोडून दुसरी शिर्डी तिनं कधी पाहिलीच नव्हती. मंदिरात दर्शनाला जाताना मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. इथे मात्र मोबाईल हातात होता आणि डोक्यात माझं छोटंसं यूट्यूब चॅनेल. 'लंकादहन'च्या फाइव्ह-डी शोमध्ये खुर्ची हलली तशी आजीनं माझा दंड गच्च धरला. मी मोबाईल कपाळाला टेकवून शूट करत राहिलो.

व्हिडिओ चौदा मिनिटांचा झाला. त्यातली नऊ मिनिटं तो शोच होता. हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तासांची अट मी आधीच पार केली होती, त्यामुळे जाहिराती लागल्या आणि डॉलर जमू लागले. एका रविवारी गावी गेलो, तर शेजारचे आबा कौतुकानं म्हणाले, "लई भारी दाखवलंस बाबा. सगळं घरबसल्या बघितलं, तिकिटाचे पैसे वाचले आमचे."

आबा मनापासून बोलले होते. मला मात्र ते वाक्य टोचलं.

कारण माझ्याकडे तोवर एक तयार बचाव होता. मोबाईल माझा, तिकीट माझ्या पैशाचं, दोन रात्री जागून केलेलं एडिटिंग माझं. मग व्हिडिओही माझाच. शिवाय मारुतीनं लंका जाळली ही गोष्ट काय कुणाच्या मालकीची आहे? दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' नावाचाच सिनेमा काढला. त्यांनी तरी कुणाची परवानगी घेतली होती?

इथेच गफलत होती. फाळक्यांनी गोष्ट घेतली, पण ती पडद्यावर आणली स्वतःच्या मेहनतीनं. माझ्या नऊ मिनिटांत मी काहीच नव्यानं सांगितलं नव्हतं. कुणीतरी काढलेली चित्रं आणि कुणीतरी दिलेलं संगीत मी जसंच्या तसं उचललं होतं. गोष्ट सगळ्यांची असते. सांगण्यातली मेहनत सांगणाऱ्याची असते. आपल्या कायद्यात सिनेमावरचा हक्क साठ वर्षं टिकतो तो याच मेहनतीसाठी.

मग मी कॉपीराइट कायदा, १९५७ उघडला. कलम ५२ वाचून आश्चर्य वाटलं, कारण ते मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच उदार आहे. लोकांना जिथे प्रवेश आहे अशा जागी कायमस्वरूपी उभा असलेला पुतळा किंवा शिल्प तुमच्या व्हिडिओत आलं तर चालतं. एखादी कलाकृती मुख्य विषय नसून मागे सहज दिसत असेल, तरी चालतं. समीक्षेसाठी रास्त तेवढा भाग दाखवायलाही वाव आहे. पण चालू शो पूर्ण दाखवणं यातल्या कशातच बसत नाही. जगात याहून बारीक भेदही आहेत. पॅरिसचा आयफेल टॉवर दिवसा कुणीही टिपावा, पण रात्रीच्या रोषणाईचे फोटो व्यवसायासाठी वापरायचे तर परवानगी लागते. आणि पार्क खासगी असेल तर तिकिटावरच्या अटी हा वेगळाच करार. तिकिटाची मागची बाजू मी आयुष्यात कधी वाचली नव्हती.

पण मला खरं छळत होतं ते कलम नव्हे, पैसे. मित्र म्हणाला, "मॉनेटायझेशन बंद कर, विषय संपला." खरंच संपतो का? जाहिरात नसती तरी आबांचं तिकीट वाचलंच असतं. 'मी कमावलं नाही' म्हणजे 'मी कुणाचं नुकसान केलं नाही' असं होत नाही. 'सर्व हक्क मूळ मालकाचे' असं खाली लिहिल्यानंही काही बदलत नाही. उलट आजीचा हात, रांगेतली गंमत, तिचं 'आता पुरे रे' म्हणणं, यावर चार पैसे मिळाले तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? ते पाहून कुणी घरी बसणार नाही, उलट आपल्या आजीला घेऊन जाईल.

आमच्याकडे पेरूच्या बागा आहेत. वाटसरूनं बांधावरून एखादा पेरू तोडून तिथेच खाल्ला, तर मालक बघून न बघितल्यासारखं करतो. तोच वाटसरू पिशवी भरून नगर-मनमाड रस्त्यावर विकायला बसला, तर भांडण होतं. आणि त्यानं ती पिशवी गावात फुकट वाटली तर? मालकाच्या लेखी झाड रिकामंच झालं ना! कायद्यातला 'रास्त वापर' मला कलमापेक्षा या बांधावर जास्त नीट कळला.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. मी रोज कोड लिहितो. इंटरनेटवर उघडा दिसणारा कोड फुकटचा नसतो, त्याचं लायसन्स आधी बघायचं, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. समोर दिसतंय म्हणजे आपलं आहे, ही चूक कोडच्या बाबतीत मी कधी केली नसती. अंधाऱ्या हॉलमध्ये ती सहज झाली, कारण तिथे मी स्वतःला प्रेक्षक समजत होतो आणि काम मात्र प्रसारकाचं करत होतो.

शेवटी व्हिडिओ काढून टाकला आणि पाच मिनिटांचा नवा केला. त्यात शो नाही. शो बघणारी आजी आहे. व्ह्यूज फार कमी आले.

टाकण्याआधी तिला दाखवला. पूर्ण बघून ती म्हणाली, "यात मारुती कुठाय? नुसती मीच आहे."

"तो पाहायला तिकीट काढावं लागतं, आजी."

"आन् मला बघायला?"

मी हसलो, पण मग गप्प झालो. पार्कच्या हक्कांवर महिनाभर डोकं खाजवलं होतं; जिच्या चेहऱ्यावर व्हिडिओ उभा होता, तिला मात्र एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. तिनं पदर सारखा केला, जरा विचार केला आणि म्हणाली, "टाक. पण ते भ्यालेलं तोंड तेवढं काढ."

ते काढलं. व्हिडिओतला सगळ्यात चांगला शॉट तोच होता.