परत येण्याची जागा

मुंबई–हावडा मार्गावरच्या मलकापूर स्टेशनातून दिवसरात्र गाड्या जातात. जुन्या ब्लॉक पद्धतीत स्टेशन मास्तरला रुळांवर डोळे लावून बसावे लागत नसे. नांदुऱ्याकडून गाडी निघायची असली की शेजारच्या स्टेशनाची घंटी ब्लॉक यंत्रावर वाजे. मास्तर उठून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी येऊ देण्याची परवानगी, देई आणि पुन्हा आपल्या नोंदवहीकडे वळे.

संगणकापुढेही वाट पाहण्याचा हाच प्रश्न असतो. कीबोर्डवरची कळ कधी दाबली जाईल, हे प्रोसेसरला ठाऊक नसते. ‘आली का? आली का?’ असे सतत विचारत राहण्याला पोलिंग म्हणतात. सेकंदाला कोट्यवधी सूचना पार पाडणाऱ्या यंत्राचा सारा वेळ मग वाट पाहण्यातच जाईल. त्यावर तोडगा निघाला तो इंटरप्टचा: काम आले की कीबोर्डसारख्या साधनानेच प्रोसेसरला हाक मारायची. 1954 च्या डायसॅक या अमेरिकी संगणकात इनपुट-आउटपुटसाठी तो वापरला गेला.

इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, पुढच्या सूचनेचा पत्ता स्मृतीतल्या ‘स्टॅक’ नावाच्या जागेत ठेवतो, आलेले काम उरकतो आणि तो पत्ता उचलून नेमका तिथूनच पुढे निघतो. अभियांत्रिकीच्या मुलांच्या ओळखीच्या इंटेल 8085 या प्रोसेसरमध्ये अशा हाकांसाठी पाच वाटा आहेत. त्यांचा अग्रक्रम ठरलेला असतो. चार थोपवता येतात. पाचवी, ‘ट्रॅप’, कधीच थोपवता येत नाही. वीज जाण्यासारख्या आणीबाणीसाठी ती राखलेली असते.

आपला दिवसही हाकांनीच भरलेला असतो. लेकरू बोलावते, दारावर थाप पडते, फोन वाजतो. काम मोडले म्हणून आपण त्यांच्यावर चिडतो. पण काम हरवते ते आपण कुठे होतो याची खूण न ठेवता उठल्यामुळे. शिवाय कुणी हाक मारलेली नसतानाही दर दोन मिनिटांनी फोन उचलून पाहतो, ते तर आपले आपणच लावून घेतलेले पोलिंग.

म्हणून सकाळीच ठरवावे: कोणती हाक तासभर थांबू शकते आणि कोणती क्षणभरही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची हाक कधीच थोपवायची नसते. आणि उठताना कागदावर एक ओळ लिहावी, ‘पुढे हे करायचे आहे.’ परतीची जागा पक्की असली की मन मागे अडकत नाही. ज्याने हाक मारली, त्याच्यापाशी माणूस पुरता पोचतो.