यादी आणि विवेक

विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या हाताशी एक पुस्तक असते. त्याला क्विक रेफरन्स हँडबुक म्हणतात. उड्डाणाचे शास्त्र त्यात सांगितलेले नसते. इंजिनाला आग लागली, केबिनमधील हवेचा दाब गेला, धूर पसरला किंवा चाके उतरेनाशी झाली, तर आधी काय करावे आणि नंतर काय करावे, एवढ्याच याद्या त्यात असतात. अलीकडे बऱ्याच विमानांत हे पुस्तक पडद्यावर आले आहे. यादीचे स्वरूप मात्र तेच राहिले आहे. ठरावीक मुदतीने, साधारणतः वर्षातून दोनदा, वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये बसवतात, खोटी संकटे निर्माण करतात आणि तो या याद्या कशा वापरतो हे पाहतात.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घरांतही हा सिम्युलेटर आता संगणकाच्या रूपाने पोहोचला आहे. कॉलेजातील मुलगा कानाला हेडफोन लावून, हाती जॉयस्टिक घेऊन, छापून काढलेली चेकलिस्ट मांडीवर ठेवून रात्री उशिरापर्यंत बसतो. पडद्यावरचे इंजिन पेटते आणि तो यादी वाचू लागतो. आई म्हणते, ‘‘अरे, पुस्तकात बघूनच करायचे तर त्यात तुझी हुशारी ती काय?’’ आईचा हा प्रश्न साधा वाटला तरी नीतिशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे. संकटाच्या वेळी लिहिलेल्या यादीप्रमाणे वागणारा माणूस विवेकाने वागतो, की आपला विवेक यादीकडे गहाण ठेवतो?

प्रथम यादीची बाजू पाहू. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राईट फील्ड येथे बोइंग कंपनीचे नवे मॉडेल २९९ हे विमान चाचणीसाठी उडाले आणि काही क्षणांत कोसळले. दोन जणांचे प्राण गेले. यंत्रात बिघाड नव्हता, चालवणारेही नवखे नव्हते. विमान जमिनीवर उभे असताना त्याच्या शेपटीकडील पंख वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली अडसर काढायची राहून गेली होती. या घटनेनंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वीच्या कामांच्या याद्या केल्या. त्यामागची जाणीव नम्रतेची होती. निष्णात माणूसही विसरतो, आणि निष्णात असल्यामुळेच आपण विसरू हे त्याला खरे वाटत नाही.

८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधील केगवर्थजवळ बोइंग ७३७ कोसळले. बिघाड डाव्या इंजिनात होता. वैमानिकांनी घाईत उजवे, चांगले इंजिन बंद केले. १२६ पैकी ४७ माणसे दगावली. हे वाचून आपण हळहळतो. पण थरथरणारे विमान आणि नाकात शिरणारा धूर यांच्यामध्ये बसलेल्या माणसाला डावे-उजवे कळेनासे होते, हे मानवी स्वभावाचे सत्य आहे. म्हणूनच इंजिन बंद करण्यासारखी मागे न घेता येणारी कृती करण्यापूर्वी एकाने नाव घ्यावे आणि दुसऱ्याने डोळ्यांनी खात्री करून होकार द्यावा, असे आजच्या याद्या सांगतात. एकाचे वाचन आणि दुसऱ्याचा प्रतिसाद ही रीत आपल्या वाचकांना परकी वाटू नये. एकट्याच्या निश्चयापेक्षा दोघांनी उच्चारलेले सत्य अधिक भरवशाचे असते.

आपल्या किनाऱ्यानेही हे दुःख पाहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा कल दाखवणारे कप्तानाचे उपकरण चुकीचे दाखवू लागले होते. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. नजरेला आधार नाही. समोरचे एक उपकरण खोटे बोलत असेल तर शेजारच्या उपकरणांशी ते ताडून पाहावे, हा धडा सिम्युलेटरमध्ये पुनःपुन्हा गिरवून घेतात तो यासाठीच. परंतु हेही लक्षात घेतले पाहिजे की उड्डाणापासून अपघातापर्यंतचा सारा काळ दोन मिनिटांचाही नव्हता. इतक्या वेळात पुस्तक उघडता येत नाही. म्हणून काही याद्यांच्या पहिल्या ओळी वैमानिकाला पाठच असाव्या लागतात.

आता दुसरी बाजू. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाकडे निघालेल्या स्विसएअरच्या विमानात धूर येऊ लागला. वास आल्यापासून सुमारे २० मिनिटांत ते कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले व २२९ जण गेले. धुराच्या उगमाचा शोध घेण्याची जी यादी वैमानिकांच्या हाती होती, ती पूर्ण करायलाच २० ते ३० मिनिटे लागली असती, असे चौकशीत दिसून आले. यादी करणाऱ्यांनी वेळ आहे असे गृहीत धरले होते. आग तसे गृहीत धरत नाही. पुढे अशा याद्यांत लवकर उतरण्याचा विचार वरच्या ओळींत आणला गेला. यादी ही शिलालेख नव्हे. ती चुकते, आणि तिच्यातील बऱ्याच दुरुस्त्या मृतांच्या मोलाने झालेल्या असतात.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या थव्यामुळे एअरबसची दोन्ही इंजिने निकामी झाली, तेव्हा सहवैमानिक स्काइल्स यांनी यादी उघडून वाचायला घेतली. ती यादी २०,००० फुटांहून अधिक उंचीवरील विमानासाठी लिहिली होती. हे विमान ३,००० फुटांच्याही खाली होते. यादी अपुरीच राहिली. कप्तान सलनबर्गर यांनी मात्र वीज पुरवणारे शेपटीकडील छोटे सहायक इंजिन यादीतील क्रमाची वाट न पाहता आधीच सुरू केले, आणि विमान हडसन नदीत उतरवले. १५५ जण वाचले. एकाने यादी धरून ठेवली, दुसऱ्याने तिचा क्रम ओलांडला. आणि दोघेही आपल्या कर्तव्याला जागले.

हा विरोधाभास वाटतो, पण तो तसा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी विवेक या सद्गुणाची अंगे सांगताना दुसऱ्यांकडून शिकून घेण्याची तयारी आणि अनपेक्षित प्रसंगी तत्क्षणी योग्य ते सुचण्याची शक्ती, ही दोन्ही एकाच सद्गुणात मोजली. पहिले अंग म्हणजे यादी उघडणारा हात. दुसरे म्हणजे यादीवरून नजर उचलून परिस्थितीकडे पाहणारा डोळा. ज्याने यादी कधी मनापासून पाळलीच नाही, त्याला ती कुठे संपते हे कसे कळणार? तिचा क्रम ओलांडण्याचा अधिकार ज्याच्या अंगी ती मुरली आहे त्यालाच पोहोचतो.

खरा धोका वेगळाच आहे. यादी आधार न राहता ढाल झाली की विवेक मरतो. ‘‘मी नियमाप्रमाणे सगळे केले’’ हे वाक्य कधी कर्तव्यपूर्तीचे असते, तर कधी जबाबदारी झटकण्याचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झालेल्या भीषण स्फोटांनंतर आपल्या भागातील कोणाही कामगाराला हे समजावून सांगायला नको. कुठल्याही कारखान्यात सुरक्षेच्या रजिस्टरवर खुणा करणे आणि खरोखर व्हॉल्व्हपाशी जाऊन पाहणे, या दोन गोष्टी कागदावर अगदी सारख्या दिसतात. खूण खरी की खोटी, हे ती करणाऱ्याचे अंतःकरणच जाणते. यादी माणसाला प्रामाणिक करू शकत नाही; ती प्रामाणिक माणसाला विसराळूपणापासून वाचवते, एवढेच.

मग घरी बसून खोट्या संकटात यादी वाचणाऱ्या मुलाचे काय? सद्गुण हा सरावाने अंगी येतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले. वादळात धैर्य शिकता येत नाही. ते आधी शिकून ठेवावे लागते. या अर्थाने सिम्युलेटर ही शाळा आहे. मात्र तिथे एक मोह आहे. पडद्यावरचे विमान कोसळू लागले की बटण दाबून खेळ थांबवता येतो, पुन्हा सुरू करता येतो. जो मुलगा बटण न दाबता चुकलेल्या निर्णयासह शेवटपर्यंत विमान चालवतो, त्याने काही मिळवले असे मी म्हणेन. कोणी पाहत नसताना यादीतील एकही ओळ न गाळणे, ही लहानशी गोष्ट चारित्र्याची आहे. पुढे तो मुलगा वैमानिक होवो, मोटरमन होवो की परिचारक.

सिम्युलेटरने शिकवलेला सर्वांत मोठा धडा मात्र वैमानिकांसाठी नसून आपल्यासाठी आहे. हडसनच्या घटनेची चौकशी करताना तोच प्रसंग सिम्युलेटरमध्ये घडवून पाहण्यात आला. इंजिने बंद पडताच तत्काळ वळलेल्या काही वैमानिकांना विमान लाग्वार्डियाच्या धावपट्टीवर परत आणता आले. म्हणजे कप्तानाचा निर्णय चुकला होता काय? नाही. कारण त्या वैमानिकांना काय घडणार हे आधीच ठाऊक होते. खऱ्या माणसाला काय झाले हे उमजायला, विश्वास बसायला आणि ठरवायला वेळ लागतो. त्यासाठी ३५ सेकंद धरून प्रयोग केला, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलेच नाही.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला लंडनचे विमान कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जण गेले. डोंबिवली-बदलापूर परिसरातील घरांतही त्या दुपारी आक्रोश उठला. जमीन सोडल्यापासून सारे संपेपर्यंतचा काळ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा होता. तरीही त्याच संध्याकाळी लोकलच्या डब्यात आणि नाक्यावर निवाडे दिले जाऊ लागले: अमुक करायला हवे होते, तमुक पाहायला हवे होते. आपल्या हाती पुस्तक होते, गार पाणी होते आणि वेळ अमर्याद होता.

न्याय करणाऱ्याने प्रथम ते ३५ सेकंद समोरच्याच्या बाजूने मोजले पाहिजेत. हे वैमानिकापुरते नाही. आजाऱ्याला कोणत्या इस्पितळात न्यावे हे मध्यरात्री ठरवणारा मुलगा, गर्दीत लेकराचा हात सुटलेली आई, रागाच्या भरात भावाला तोडून बोललेला भाऊ, या सर्वांचा हिशेब आपण नंतर, शांतपणे, पाने उलटत मांडत असतो. चूक ही चूकच राहते; तिची चौकशी व्हावी, यादी सुधारावी. परंतु ज्याने ती केली त्याच्याजवळ आपल्याइतका वेळ नव्हता, एवढे स्मरण ठेवणे हा दयेचा भाग नसून सत्याचाच भाग आहे. ते वगळून केलेला न्याय अपुरा ठरतो, कारण त्यात घटनेतील सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थितीच मोजलेली नसते.