आधी दुरुस्ती, मग बदल

जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांचा छंद हा मुळात दुरुस्तीचा छंद आहे. गाडीत केलेला बदल दुरुस्तीच्या ओघात आलेला असेल तर तो बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो आणि दुरुस्तीला वळसा घालून केलेला बदल बहुतेक वेळा धोक्याचा. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पैसा आणि उत्साह दोन्ही आज उलट्या दिशेने वाहताना दिसतात. महिंद्राची एखादी एमएम 540 किंवा मारुतीची जिप्सी हातात आली की आधी मोठे टायर येतात, मग गाडीची उंची वाढते, पुढे विंच आणि वर दिव्यांची पट्टी लागते. त्याच गाडीच्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल पाझरत असतं, हबच्या बेअरिंगला खेळ असतो, चेसिसच्या आडव्या पट्टीला गंजाने भोक पडलेलं असतं. बाहेरून दिसणाऱ्या कामाला दाद मिळते आणि आतलं काम कुणाच्या नजरेस पडत नाही. माझा आक्षेप बदलाला नाही, या क्रमाला आहे.

या गाड्यांची रचनाच दुरुस्ती डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, आणि एकीचे सुटे भाग दुसरीला बसत असत. आघाडीवर बिघडलेली गाडी तिथेच, हाताशी असलेल्या पान्यांनी उघडता यावी हा त्यामागचा हिशोब होता. चेसिस, दोन अखंड ॲक्सल, चार पाटे, मध्ये ट्रान्स्फर केस: यातलं काहीही झाकलेलं नाही. त्यामुळे दोष शोधणं हे इथे नुसतं मशीनला विचारायचं काम राहत नाही, तर्काने करायचं काम होतं. एक नेहमीचा दोष घ्या. ताशी 50-60 किलोमीटर वेगाला रस्त्यातला खड्डा लागला की जुन्या जीपची पुढची चाकं थडथडू लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. बाजारातला झटपट उपाय म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर बसवणं. त्याने थडथड दबते, कारण तसंच राहतं. खरं कारण शोधायचं तर टाय रॉडचे एंड, शॅकलचे बुश, चाकांचा बॅलन्स आणि टो-इन पाहावं लागतं, आणि शेवटी किंग पिनपर्यंत जावं लागतं. किंग पिनच्या बेअरिंगवर किती ताण हवा हे तिथे पातळ शिम घालून-काढून ठरतं आणि स्प्रिंग काट्याने ओढून तपासता येतं. दिवसभराचं काम आहे, पण ते केलेल्या माणसाला पुढचा ॲक्सल कळतो. डॅम्पर बसवलेल्या माणसाला फक्त डॅम्परची किंमत कळते. पुढे हाच माणूस मोठे टायर घालतो तेव्हा त्याच झिजलेल्या किंग पिनवर भार वाढतो. बदलाआधी दुरुस्ती का, याचं याहून सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

यावर पहिला आक्षेप जतनवाद्यांचा. त्यांच्या मते जुनी गाडी मूळ रूपातच ठेवावी आणि बदल म्हणजे वारशाची मोडतोड. विंटेज मोटारींच्या बाबतीत हे म्हणणं मला मान्य आहे. आपल्याकडच्या जीपला मात्र ते लागू करताना मूळ रूप कोणतं, हा प्रश्न सुटत नाही. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला सुरुवात केली. अमेरिकेत सीजे-3बी हे मॉडेल 1953 ते 1968 एवढंच टिकलं, इथे ते आणि त्याची भावंडं पुढे कित्येक दशकं बनत राहिली. त्या काळात पेट्रोलवरचं हरिकेन इंजिन जाऊन डिझेल आलं, त्यात प्यूजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी 4.90 हे इंजिन पुढे जीपची ओळखच बनलं. लांबी वाढली, टपाचे प्रकार बदलले, मागे बाकं आली. पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीप धावू लागल्या तेव्हा तालुक्याच्या गॅरेजांनी भाराप्रमाणे पाटे वाढवून घातले. म्हणजे कारखान्यापासून मिस्त्रीपर्यंत प्रत्येकाने ही गाडी गरजेप्रमाणे बदलली, आणि त्या बदलांमुळेच ती टिकली. 1955 सालची एखादी जीप कारखान्यातून निघाली तशी कुणी उभी केली तर ते काम आदराचंच आहे. पण प्यूजो इंजिन बसलेली जीप भ्रष्ट आहे असं म्हणणं म्हणजे तिचा भारतातला इतिहासच नाकारणं. इथे मूळपणाची कसोटी अपुरी पडते. हा बदल कोणत्या गरजेसाठी झाला आणि त्याचे बाकीच्या भागांवरचे परिणाम सांभाळले का, हेच विचारावं लागतं.

ही कसोटी काय दाखवते हे जिप्सीच्या उदाहरणाने नीट कळतं. डिसेंबर 1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीला 970 सीसीचं इंजिन होतं. 1993 मध्ये कंपनीने तिच्या दोन्ही ॲक्सलवरच्या चाकांमधलं अंतर 90 मिलिमीटरनी वाढवलं, आणि 1300 सीसीचं इंजिन त्यानंतर 1996 मध्ये दिलं. आधी गाडी रुंद झाली, ताकद नंतर आली. उंच आणि अरुंद गाडीचा प्रश्न किती गंभीर असतो हे तोवर जगजाहीर होतं. जिप्सीच्याच कुळातल्या सुझुकी सामुराईला 1988 मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाने उलटण्याच्या धोक्यामुळे ‘अस्वीकार्य’ ठरवलं होतं. सुझुकीने त्या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेऊन दावा लावला आणि 2004 मध्ये तडजोड झाली. चाचणी कितपत न्याय्य होती यावर वाद होऊ शकतो. पण गुरुत्वमध्य वर नेला आणि रुंदी तेवढीच ठेवली तर वळणावर गाडी लवकर उलटते, यावर वाद नाही.

आता छंदाच्या नावाखाली याच जिप्सीचं काय होतं ते पाहा. पाटे ॲक्सलखालून काढून ॲक्सलवर बसवले की गाडी एका झटक्यात चार-पाच इंच उचलली जाते. दिसायला रुबाबदार दिसते. पण दगडाला आधी लागतो तो ॲक्सलच्या मधला गोळा, आणि पाटे वर घेऊन तो तसूभरही वर जात नाही, तो वर जातो फक्त टायर मोठा केल्याने. कंपनीचा 205/70 आर 15 टायर सुमारे 668 मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याजागी 31 इंची टायर घातला तर व्यास 787 मिलिमीटर होतो आणि ॲक्सलखाली साधारण 60 मिलिमीटर जागा वाढते. त्याची किंमतही मोजावी लागते. गिअरिंग जवळजवळ 18 टक्क्यांनी लांबतं, म्हणजे चढावर पहिल्या गिअरचा जोर कमी पडू लागतो. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 70 च्या वर असते. ब्रेक तेवढेच राहतात आणि थांबवायचं चाक जड होतं. उंची वाढल्याने शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, ड्रॅग लिंक तिरकी झाल्याने उसळीसरशी स्टिअरिंग खेचू लागतं आणि जोर लावताच पाटे पिळले जातात. यातल्या प्रत्येकाला उपाय आहेत: ट्रान्स्फर केसमध्ये कमी गिअर, ड्रॅग लिंकची बैठक बदलणं, जास्त ताकदीचे ब्रेक. ज्याला हे सगळं करायचं आहे त्याने गाडी जरूर उचलावी. नुसती उंची विकत घेणाऱ्याने मात्र 1993 मध्ये कंपनीने केलेली सुधारणा उलटी फिरवलेली असते.

आपला कायदा हा फरक करत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. 2021 चे विंटेज वाहनांचे नियमही इथे कामी येत नाहीत. ते 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहेत, आणि अशा गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. परिणाम असा, की जुन्या जीपला आधुनिक ब्रेक बसवणारा आणि चेसिस मधोमध कापून वेल्डिंग करणारा हे दोघेही परिवहन कार्यालयापासून सारखेच लांब राहतात. कुणाचंच काम कुणी जाणकार तपासत नाही. जर्मनीत बदल केलेली गाडी टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेच्या तज्ज्ञासमोर नेतात आणि मान्य झालेला बदल कागदपत्रांत नोंदवतात. ऑस्ट्रेलियात बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठ्या कामाला अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं गुणपद्धत वापरली गेली. तीत मूळ चेसिसला 5 गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2, इंजिनला फक्त 1 गुण होता. ओळख टिकवायला 8 गुण पुरत. गाडीचा कणा कोणता आणि बदलता येण्याजोगं काय, याचा विचार त्या आकड्यांत स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे अशी मुभा दिली तर पैसे देऊन प्रमाणपत्रं मिळतील, अशी भीती घातली जाते. ती निराधार नाही. पण सीएनजी किटच्या बाबतीत आपण हेच करून दाखवलं आहे: मान्यताप्राप्त किट, ते बसवणारं अधिकृत केंद्र आणि नोंदणीपुस्तकात नोंद. इंधनाची टाकी मागे बसवण्याइतका नाजूक बदल जर या वाटेने होऊ शकतो, तर डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग का नाही? केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली तेव्हा मोटारींचं क्षेत्रही त्यात घेतलं. त्या हक्काला तपासणीची जोड दिली पाहिजे.

धुराचा आक्षेप मला याहून जड वाटतो. जुन्या डिझेल इंजिनाला काजळी अडवणारी गाळणी नसते आणि 2020 नंतरच्या बीएस-6 इंजिनाशी त्याची तुलनाच होत नाही. छंदाची गाडी वर्षात थोडीच धावते, हे खरं असलं तरी पूर्ण उत्तर नाही. नीट कॅलिब्रेट केलेला पंप आणि तपासलेले नोझल धूर बराच कमी करतात, म्हणजे इथेही पहिलं काम दुरुस्तीचंच. दाट वस्तीच्या शहरात या गाड्यांवर निर्बंध आले तर छंदिष्टांनी ते मानावेत, असं माझं मत आहे. जमिनीच्या बाबतीत तर मी एक पाऊल पुढे जाईन. कोकणातल्या सड्यांवर पावसाळी फुलं आणि प्राचीन कातळशिल्पं आहेत, वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे चाक नेण्याचं समर्थन कोणत्याही कौशल्याने होत नाही. चिखल आणि दगड हवेतच असतील तर मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर किंवा सोडून दिलेल्या खाणींत जावं.

राहिला प्रश्न हा छंद ज्यांच्या हातांवर उभा आहे त्यांचा. क्राउन-पिनियनचा खेळ निळा रंग लावून दातांच्या ठशावरून ठरवणारे मिस्त्री, लेथवर बुश वळवून देणारे टर्नर हे वडाप आणि शेतीच्या गाड्यांवर घडले. त्या गाड्या कमी होताहेत, त्यामुळे या कामाला दाम देणारे आता मुख्यतः छंदिष्टच उरतील. म्हणून त्यांच्याकडे दोन मागण्या आहेत. गाडीवर पहिले पैसे येतील ते ब्रेक, स्टिअरिंग आणि चेसिसवर घाला, आणि ते काम करणाऱ्या मिस्त्रीला टायरच्या दुकानदाराइतकाच सढळ हाताने मोबदला द्या. दुसरं, केलेल्या प्रत्येक कामाची वही ठेवा: कोणता भाग, कोणत्या गाडीचा, कोणतं गिअर गुणोत्तर, वेल्डिंग कुठे. गाडी विकाल तेव्हा चावीबरोबर ती वहीही नव्या मालकाच्या हातात द्या.