वकिलाचे ज्ञान आणि वकिलाची वाणी

आपला अशील अपराधी आहे हे ठाऊक असताही वकिलाने त्याची बाजू मांडावी काय? हा प्रश्न वकील मंडळी बहुधा हसण्यावारी नेतात. पण तो तितका हलका नाही.

इंग्लंडात धंद्याच्या रचनेतच त्याला एक चतुर उत्तर सापडते. तेथे सॉलिसिटर अशिलाची हकीकत ऐकतो, कागदपत्रे जुळवितो. बॅरिस्टर ती घेऊन न्यायासनापुढे उभा राहतो. एकाने जाणावे, दुसऱ्याने बोलावे! शिक्षणही निराळे. सॉलिसिटर होऊ पाहणारा तरुण जाणत्याच्या कचेरीत उमेदवारी करी. बॅरिस्टर होणाऱ्याने लंडनच्या चार 'इन्स'पैकी एकीत नाव घालून ठराविक भोजने घ्यावयाची. गांधीजींनी इनर टेंपलमध्ये ती घेतली व १८९१ साली ते बॅरिस्टर झाले. या जेवणावळींची थट्टा सोपी आहे. पण कोर्टात काय बोलू नये हे पुस्तकातून कळत नाही, ज्येष्ठांच्या पंक्तीत कळते, असा त्यामागील हेतू असल्यास तो मला मूर्खपणाचा वाटत नाही.

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवरही ही दुहेरी पद्धत होती. ती १९७६ च्या कायद्याने गेली. मोफसलच्या वकिलाला मात्र ही सोय कधीच नव्हती. अशील रात्री त्याच्या ओसरीवर बसून खरे-खोटे सांगतो आणि सकाळी त्याच वकिलाने कोर्टात उभे राहावयाचे.

परंतु ही भिंत इंग्लंडात तरी कितपत टिकली? १८४० साली लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा त्यांच्या बिछान्यातच खून झाला. त्यांचा स्विस नोकर कूर्व्हाझिए याच्यावर खटला चालू असता त्याने आपला बॅरिस्टर चार्ल्स फिलिप्स याच्यापाशी गुन्हा कबूल केला; आणि तरीही आपला बचाव करावा, असा आग्रह धरला. फिलिप्स गडबडला. त्याने न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा खासगीत सल्ला घेतला. आरोपीची इच्छा असेल तर काम सोडता येणार नाही, असे उत्तर मिळाले. फिलिप्स बोलला, कूर्व्हाझिए फाशी गेला, आणि फिलिप्सवरील टीका पुढे कित्येक वर्षे शमली नाही.

तो उभा राहिला याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. पुरेशा पुराव्यावाचून कोणासही शिक्षा होऊ नये, या कायद्याशी वकील बांधलेला असतो. आपल्याकडील बार कौन्सिलचे नियमही हेच सांगतात. "सिद्ध करून दाखवा" असे म्हणण्यात असत्य काही नाही. पण त्याच घरातील निरपराध दासीवर त्याने संशयाची छाया पाडली, असाही आक्षेप होता. तो खरा असेल तर त्याला क्षमा नाही. पुरावा अपुरा आहे म्हणणे निराळे, आणि आपल्याला खोटे ठाऊक असलेले दुसऱ्याच्या माथी मारणे निराळे. कोणत्याही अशिलाच्या फीमध्ये एवढे विकत मिळत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामे चालवितो. तो पहिल्याच भेटीत अशिलास बजावतो, "काय केलेत ते मला सांगू नका, पोलिसांपाशी काय आहे तेवढे सांगा." सॉलिसिटर व बॅरिस्टर यांमधील भिंत त्याने आपल्या एकट्याच्या मनात उभारली आहे. मी त्याला विचारले, "आणि न सांगताच कळले तर?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कळतेच, सर."