तीर्थाची शुद्धी हीच तीर्थाची सेवा

॥ श्री ॥

सद्भक्तहो,

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीस आपल्या गंगथडीत 'गंगा' म्हणूनच संबोधिले जाते. राक्षसभुवन, पांचाळेश्वर, पुरुषोत्तमपुरी, मंजरथ ही पुण्यक्षेत्रे तिच्याच काठी वसलेली आहेत. नित्यपूजेच्या कलशात ज्या सात नद्यांचे आपण आवाहन करतो, त्यांत तिचे स्थान आहे. म्हणूनच वाहत्या जलात मलमूत्र विसर्जन करणे, थुंकणे, उष्टे टाकणे हे धर्मशास्त्राने निषिद्ध मानले.

गोदातीरीच्या पैठणचे संत एकनाथ महाराज यांची कथा सर्वश्रुत आहे. रामेश्वरास वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले आणि ते ईश्वरास पावले, अशी आपली श्रद्धा आहे. या कथेचा एक अर्थ भूतदया हा आहेच. परंतु दुसराही अर्थ ध्यानी घ्यावा. नाथांच्या कावडीतील जल मुक्या प्राण्यास पाजण्यायोग्य निर्मळ होते. आज आपल्या गावाखालून पुढे जाणारे पाणी आपण तहानलेल्या जिवास निःशंक मनाने पाजू शकू काय?

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण पाहावे. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा पुढे सिंदफणेस मिळते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आहे आणि त्याच धरणाच्या फुगवट्यातून बीड शहरास पिण्याचे पाणी आणले जाते. धरणाच्या खाली सिंदफणा मंजरथ येथे गोदेत विलीन होते. म्हणजे मोरीतून सोडलेले पाणी फिरून आपल्याच तांब्यात येते आणि उरलेले गोदामाईच्या पदरात पडते. कर्मफळ चुकत नाही, याचा याहून उघड दाखला कोणता?

नदीस स्वतःस शुद्ध करण्याची शक्ती ईश्वराने दिली आहे. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या आधारे सूक्ष्म जीव घाण पचवितात. परंतु घाण अति झाली की तो प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाण्यास दुर्गंधी सुटते. स्नानयोग्य पाण्यात दर लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा शासकीय निकष आहे. उन्हाळ्यात आमच्या नद्यांची धार क्षीण होते. तेव्हा थोडीही घाण फार जाचक ठरते.

यावर उपाय आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे स्थापत्यशास्त्र मानते. ते भुयारी गटारातून एकत्र आणावे, जाळीतून गाळावे, गाळ खाली बसू द्यावा, हवा खेळवून सूक्ष्म जीवांकडून शुद्ध करवावे आणि मग शेतीस द्यावे. दुष्काळी मुलखात हे पाणीही धनच आहे. जेथे एवढी यंत्रणा उभी राहिली नाही, तेथे मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा आणि शौचालयाच्या बंदिस्त टाकीचा वेळेवर उपसा, एवढे तरी व्हावे. उपसलेला मैला मात्र ओढ्यात रिता करू नये.

भाविकांस नम्र विनंती की, स्नानसमयी साबण लावू नये, घाटावर कपडे धुऊ नयेत, जुनी वस्त्रे, प्लास्टिकच्या पिशव्या व निर्माल्य नदीत सोडू नये. पात्राच्या काठी शौचास बसू नये. पर्वकाळी हजारो भाविकांनी एवढे नियम पाळले, तरी घाटाचे रूप पालटेल.

दानशूर भक्तांसही एक निवेदन. सुवर्णकलश व महाद्वार यांचे पुण्य थोर आहेच. परंतु यात्रेकरूंचे शौचालय, शोषखड्डा आणि सांडपाण्याची शुद्धी यांसाठी दिलेले दान हेही देवालाच अर्पण होते. कळसाचे दान डोळ्यांस दिसते, गटाराचे दिसत नाही. आणि गुप्तदानाची थोरवी आपल्या परंपरेने नेहमीच मोठी मानली आहे.

गोदामाई आपणां सर्वांस सद्बुद्धी व आरोग्य देवो, ही प्रार्थना.

आपला विनम्र,
सचिव, देवस्थान कार्यालय