श्लेष : धरून ठेवा, आखडू नका

।। श्री गुरुदेव दत्त ।।



गेल्या महिन्यात गुडघा धरला म्हणून इथे इंदूरलाच वैद्यांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, श्लेषक कफ कमी झालाय." मला कफ म्हणजे खोकल्यातला एवढंच ठाऊक! घरी येऊन शब्दकोश काढला आणि तिथेच रमले.

संस्कृतात 'श्लिष्' धातू आहे. अर्थ चिकटणे, मिठी मारणे. त्यापासून श्लेष. शाळेत शिकलेला श्लेष अलंकार आठवतो ना? एका शब्दाला दोन अर्थ बिलगलेले. आश्लेषा नक्षत्रही इथलंच, आणि त्याची देवता सर्प, म्हणजे विळखा आलाच. 'वि' लागला की विश्लेषण, चिकटलेलं सुटं करणं. 'सम्' लागला की संश्लेषण, सुटं झालेलं जोडणं.

आता बघा, विश्लेषण आपण दिवसभर करतो. सून काय बोलली, दिरांनी हिशेब कसा मांडला. संश्लेषण हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडी नाही.

आयुर्वेदात कफाचे पाच प्रकार. त्यातला श्लेषक सांध्यांत राहतो आणि हाडं जुळवून धरतो. सुश्रुतसंहितेत उपमा छान आहे : आसाला वंगण असलं की चाक नीट फिरतं, तसे कफामुळे सांधे चालतात. म्हणजे धरायचं, पण आखडू द्यायचं नाही. डिंकाने चिकटवलं तर सांधा हलणार नाही. ओलावा आटला तर हाडावर हाड घासेल.

घराचंही तसंच. मुलांना, माणसांना डिंकासारखं चिकटणं ही आसक्ती. त्यांना हलायला जागा ठेवून धरणं हा स्नेह. आणि स्नेह म्हणजे तेलही बरं का!

खरं सांगते, सासूबाईंच्या पाटल्यांवरून मोठ्या जाऊबाई आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. त्या गुरुवारी आरती झाल्यावर मीच फोन लावला. हात थरथरत होता. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "गुडघा कसा आहे गं?" त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मला रडूच फुटलं.

पाटल्यांचा विषय अजून तसाच आहे. पण सांधा हलला.

या गुरुवारी आरतीनंतर आपणही एक फोन करावा, विश्लेषण न करता. एवढीच सेवा.

काही चुकलं असल्यास क्षमस्व. गुरुचरणी अर्पण 🙏