निराकार चित्र आणि नांवाचा अधिकार

छायाचित्र म्हणजे वस्तूचा इमानी चाकर, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. चित्रकार आपल्या मनचें कांहीं घालील, पण कॅमेरा समोर असेल तेंच टिपील, या विश्वासावर आपण घरोघर वाडवडिलांच्या तसबिरी लावतों. मग ज्या छायाचित्रांत वस्तु ओळखूंच येत नाहीं, तें या विश्वासाचा घात करतें काय? आणि अशा चित्रास दुसऱ्या एखाद्या समाजाचें नांव द्यावयाचें झाल्यास तो अधिकार कोणाचा? हे दोन प्रश्न गेल्या वैशाखांत आम्हांस एकदमच पडले.

सोलापूरच्या उत्तरेस हिप्परग्याजवळ एकरुखचा तलाव आहे. उन्हाळ्यांत पाणी मागें हटलें म्हणजे कांठची काळी माती उलते आणि भेगांचें जाळें दूरवर पसरतें. ऊन उतरतीस लागलें असतां आम्ही तेथें गेलों. क्षितिज, झाडें, माणसें सर्व वगळून आम्हीं कॅमेऱ्याचें तोंड सरळ खालीं धरलें. तिरप्या उन्हानें भेगा काळ्याभोर झाल्या होत्या आणि ढेकळांच्या कडा उजळल्या होत्या. छापून आल्यावर चित्रांत तलाव उरला नव्हता, मातीहि उरली नव्हती. होत्या त्या केवळ रेषा, कोन आणि त्यांची लय.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस फारसें अवघड वाटलें नाहीं. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यानें १९२२ पासून कित्येक वर्षें नुसत्या ढगांचीं चित्रें घेतलीं. त्याच्या चित्रांचा प्रभाव हा समोर बसणाऱ्या माणसांवर तो पाडीत असलेल्या मोहिनीचा, असें कोणीं म्हटलें होतें. ढगांवर मोहिनी चालत नाहीं आणि ढग तर सर्वांचेच. तेव्हां त्यांतून जें उमटेल तें पाहणाराच्या दृष्टीचें, हें त्यास दाखवावयाचें होतें. पण एवढ्या दूर तरी कशाला जावें? संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेंत सात नंदीध्वज निघतात. त्या उंच काठ्यांस डोळे नाहींत, मुख नाहीं. तरी संमति कट्ट्यावर अक्षता पडतात त्या सिद्धरामेश्वरांचा योगदंड व कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या, हें येथील लहान मूलहि सांगेल. ज्या गांवानें काठींत वर पाहिला, त्यास निराकारांत अर्थ असतो हें पटवून देण्याची गरज नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. काठीस हा अर्थ आला तो ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या लोकांमुळें. काठीच्या उंचीमुळें नव्हे.

दुसरा प्रश्न येथूनच सुरू होतो. एक तरुण स्नेही चित्र पाहून म्हणाला, "काका, हा तर आफ्रिकेंतला मुखवटा दिसतो! याला 'आफ्रिका' हेंच नांव द्या." नांव भारदस्त होतें आणि, खरें सांगावयाचें तर, आम्हांस मोह झाला. प्रदर्शनासाठीं चिठ्ठीहि लिहून ठेवली. पण ती चिकटवितांना हात अडखळला.

आठवण झाली ती मॅन रे याच्या १९२६ मधील 'काळी आणि गोरी' या प्रसिद्ध छायाचित्राची. त्यांत किकी नांवाची पॅरिसमधील तरुणी मेजावर गाल टेकून आहे, आणि तिच्या हातांत पश्चिम आफ्रिकेच्या बाउले धर्तीचा काळा मुखवटा उभा आहे. चित्र अप्रतिम आहे. किकीचें नांव जगास ठाऊक आहे. मुखवटा कोरणाराचें नांव मात्र त्या चित्राबरोबर चालत आलेलें नाहीं. त्या काळच्या अनेक युरोपीय कलावंतांनीं आफ्रिकेच्या आकृति आदरानें उचलल्या, पण त्यांचा अर्थ मागेंच ठेवला.

वास्तविक ज्यास आपण निव्वळ आकृति म्हणतों, ती तिच्या घरीं निव्वळ नसते. घाना देशांतील अशांती लोक केंटे वस्त्राचे अरुंद पट्टे मागावर विणून ते एकमेकांस जोडतात. त्यावरील नक्षीच्या प्रकारांस नांवें आहेत. कांहीं म्हणींचीं, कांहीं व्यक्तींचीं, कांहीं घडलेल्या प्रसंगांचीं. त्यांच्याच अदिंक्रा चिन्हांत मान मागें वळविलेला 'सांकोफा' पक्षी आहे; मागें राहिलेलें परत जाऊन आणावें, हा त्याचा बोध. मागांच्या आवाजांत ज्या सोलापुराच्या पिढ्या वाढल्या, तेथें तरी नक्षी म्हणजे केवळ शोभा असें कोणी म्हणूं नये.

आणि आफ्रिका आपणांस इतकी परकीहि नाहीं. इथिओपियांत सुमारें १५४८ मध्यें जन्मलेल्या एका मुलाचें नांव चापू होतें. गुलाम म्हणून तो विकला गेला, हातोहात फिरला, आणि एका धन्यानें त्याचें नांव बदलून अंबर ठेवलें. तोच पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर झाला. १६२४ त भातवडीस मोगल व आदिलशाही फौजांचा मोड केल्यावर त्यानें सोलापूरहि जिंकून घेतलें. १६२६ त तो वारला. ज्या बुरुजांजवळून आपण रोज जातों, त्यांनीं या हबशी सेनापतीची सत्ता पाहिली आहे. धन्यानें दिलेलें नांव त्यानें पराक्रमानें गाजविलें. जन्माचें नांव इतिहासाच्या एखाद्या ओळींत उरलें. माणसावर ताबा सांगणारा आधीं त्याचें नांव बदलतो. ज्या खंडांतून माणसें नेतांना त्यांचीं नांवें पुसलीं गेलीं, त्या खंडाचें नांव आम्हीं आमच्या तलावांतील मातीवर, ती मुखवट्यासारखी दिसली एवढ्याचसाठीं, चिकटवावें काय?

कोणी म्हणेल, मग कलावंतानें परक्याकडून कांहीं घ्यावयाचेंच नाहीं काय? असलें सोंवळें आम्हांस मान्य नाहीं. आफ्रिकन वंशाचा छायाचित्रकार आपल्या भूमीची माती, झाडाची साल, आजीच्या वस्त्रावरील नक्षी यांतून निराकार चित्र घडवितो, तेव्हां तो स्वतःविषयीं बोलत असतो. त्याच्यापासून पाहण्याची रीत शिकावी, आणि तें ऋण उघडपणें सांगावें. परंतु जें जगणें आम्ही जगलों नाहीं, त्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार केवळ साम्यामुळें मिळत नाहीं.

शेवटीं ती चिठ्ठी फाडून आम्हीं दुसरी लिहिली : 'एकरुख तलाव, वैशाख.' या साध्या नांवामुळें चित्रापुढें फारसे लोक थांबले नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. तरी आम्हांस त्याचा पश्चात्ताप नाहीं. वस्तूशीं इमान राखणें म्हणजे तिचें रूप हुबेहूब उतरविणें नव्हे. रूप खुशाल गळूं द्यावें. पण ती वस्तु कोठली व कोणाची, हें लपवूं नये.